अक्काच्या विहिरीतलं ऊन पाणी

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र का घेतलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. केमिस्ट्रीच्या जागा भरल्या होत्या आणि फॉर्मच्या रांगेत माझ्या पुढं उभी असलेली मुलगी म्हणाली, की जिऑलॉजीत सहली पुष्कळ असतात. ती मुलगी पंधरा दिवसांत बॉटनीला निघून गेली. मी राहिले. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहायचो. वडील शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. दगडांत शिकण्यासारखं काय असतं ते त्यांना कळेना, पण त्यांनी अडवलं नाही. आईनं माझ्या चपला उलटून बघितल्या आणि या टिकायच्या नाहीत, एवढंच म्हणाली.

एम.एस्सी. होऊन वर्ष उलटलं तरी नोकरी नव्हती. सत्तरच्या दशकाचा मधला काळ. परदेशातलं तेल महागलं होतं आणि पेपरात रोज कुठून ना कुठून नवी ऊर्जा काढायची बातमी असायची. शेणाचा गॅस, उन्हाची चूल, वाऱ्याची चक्की. त्यातच जमिनीच्या पोटातल्या उष्णतेचा अंदाज घ्यायला एक सरकारी तुकडी जिल्ह्यात आली. तुकडी म्हणजे एक साहेब, एक जीप, एक ड्रायव्हर आणि चार लाकडी पेट्या. विहिरींच्या नोंदी ठेवायला त्यांना हंगामी माणूस हवा होता आणि आमच्या सरांनी माझं नाव सुचवलं. मुलगी चालेल का, असा प्रश्न साहेबांनी काढलाच नाही. तो का काढला नाही, याचंच मला पहिल्या दिवशी कोडं पडलं.

साहेब पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, मूळचे नाशिककडचे. वर्षानुवर्षं घरापासून लांब राहून त्यांना स्वतःशी बोलायची सवय लागली होती. शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात तसं ते मला 'बाई' म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी हातोडीच्या दांड्यानं मातीत एक पसरट कढई काढली आणि मला समोर बसायला सांगितलं.

फार फार पूर्वी, जमिनीवर झाडाचं पानही नव्हतं तेव्हा, या भागातली भूमी हळूहळू खचत गेली, असं त्यांनी सांगितलं. खचलेल्या जागी उथळ समुद्र आला. पाण्याबरोबर वाळू आली, चिखल आला, थरावर थर बसले आणि दाबानं त्यांचा दगड झाला. ही झाली गाळाची द्रोणी. मग कितीतरी काळानं लाव्हा आला आणि त्यानं सगळं झाकून टाकलं. सह्याद्रीचा काळा पत्थर म्हणजे ते झाकण. कोल्हापूरच्या बाजूला ते जाड आहे, गडहिंग्लजकडं पातळ होत जातं आणि काही ठिकाणी खालचा जुना वाळूचा दगड उघडाही पडलेला आहे.

साहेबांचं गणित असं होतं. जमिनीत जितकं खोल जावं तितकी ऊब वाढते, हे तर सगळीकडंच. वाळूच्या दगडात दाण्यादाण्यांमध्ये फटी असतात, त्यांत पाणी साठतं. वर काळ्या दगडाची घोंगडी. तेव्हा खाली गरम पाण्याचा साठा असायला हरकत नाही, आणि झाकण जिथं पातळ तिथं एखाद्या विहिरीत त्याची खूण सापडेल. परदेशात अशाच एका द्रोणीतलं गरम पाणी वर काढून थंडीत घरं ऊबदार ठेवतात, हे त्यांनी वाचलं होतं आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

मला हे सगळं इतकं सरळ वाटलं की शंका विचारायचं सुचलं नाही. शंका नंतर आल्या, आणि आल्या त्या एकदमच आल्या.

माझं काम सोपं होतं. विहिरीच्या तळापर्यंत थर्मामीटर सोडायचा, थोडा वेळ थांबायचं, वर ओढायचा आणि आकडा वहीत लिहायचा. हा थर्मामीटर डॉक्टरकडच्या तापाच्या थर्मामीटरसारखाच होता. पारा एकदा चढला की चढलेला राहतो, झटकल्याशिवाय उतरत नाही. तसाच हवा होता, नाहीतर वरच्या पाण्यातून ओढून आणेपर्यंत तळाचा आकडा बदलून जाईल. साहेबांनी पहिल्या दिवशी दोनदा बजावलं होतं, की प्रत्येक विहिरीआधी झटकायचा. पितळेच्या नळीत तो बसवलेला असायचा आणि झटकताना मनगट भरून यायचं.

महिनाभर आम्ही गडहिंग्लजच्या आसपासची गावं फिरलो. बायका काठावर उभ्या राहून बघायच्या. बाई विहिरीत औषध टाकती काय, असं एकीनं विचारलं. मी सांगितलं, पाण्याचा ताप बघते. तेव्हापासून त्या गावात आम्ही पाण्याचे डॉक्टर झालो. आकडे मात्र सगळीकडं सारखेच, सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास येत होते. कोमट म्हणावं असंही काही सापडत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावात गेलो. तिथं माणसं एक वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवायची. पाच विहिरी मोजून झाल्या आणि आम्ही जीपमध्ये बसत होतो, तेवढ्यात एक साठीची दांडगी बाई काठी टेकत, पाय फाकवून चालत आमच्याकडं आली. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. मीही पुढं तेच म्हणू लागले.

"पावणं, समद्यांच्या हिरी मोजल्यासा," ती साहेबांना म्हणाली, "माझीनं काय घोडं मारलंय?"

तिची विहीर शेतात होती. नवरा आणि दोन लेक उसाच्या कामात असायचे. विहीर आणि तिच्या शेजारचा भुईमुगाचा तुकडा अक्काच्या ताब्यात. विहिरीला अर्ध्यापर्यंत पायऱ्या होत्या. अक्काचं म्हणणं, की तळाच्या एका कोपऱ्यात झरा आहे आणि त्याचं पाणी ऊन आहे. तिचे गुडघे इतके धरले होते की जात्यावर बसता येत नव्हतं. दोन हिवाळे तिनं पहाटे या पाण्यानं पाय शेकले आणि आता ती मांडी घालते. तिनं तिथंच बांधावर मांडी घालून दाखवली. उठताना मात्र तिला माझा हात धरावा लागला.

मी पायऱ्या उतरून पाण्यात हात घातला. मला ते ऊबदार वाटलं. की ऐकल्यामुळं वाटलं? मी थर्मामीटर सोडला, थांबले, ओढला. पारा छत्तीसच्या वर होता.

मी आकडा दोनदा वाचला. साहेब पायऱ्या उतरून खाली आले, चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी स्वतः वाचला आणि नळी माझ्या हातात परत देत म्हणाले, पुन्हा सोडा. मी झटकून पुन्हा सोडला. ओढताना दोरी एका कपारीत अडकली, मी हिसका दिला आणि दोरी हलकी झाली. थर्मामीटर तळाला गेला. तेव्हा आमच्याजवळ तेवढा एकच होता.

साहेब रागावले नाहीत. त्या आकड्याच्या भरात त्यांच्याकडं रागाला जागाच नव्हती. परतीच्या वाटेवर ते सबंध रस्ताभर बोलत होते, खोली किती असेल, झरा कुठल्या भेगेतून येत असेल. मी मागं बसून वहीतल्या त्या आकड्याकडं बघत होते. आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असावा. पण त्याच्याखाली काहीतरी टोचत होतं आणि ते काय, ते हाती लागत नव्हतं.

नवा थर्मामीटर यायला पावसाळा उजाडला. तेव्हा विहीर तुडुंब भरलेली, आणि आता घेतलेल्या आकड्याला अर्थ नाही असं साहेबच म्हणाले. पण त्यांचा अहवाल आधीच वर गेला होता. पुढच्या हिवाळ्यात मंजुरी आली आणि अक्काच्या विहिरीजवळ भोक पाडायचं यंत्र उभं राहिलं. भुईमूग काढून रिकामा झालेला तुकडा तिनं स्वतः दाखवला.

तोपर्यंत गावात वेगळंच घडलं होतं. सरकारी साहेबानं पाणी ऊन असल्याचं लिहून नेलं, ही बातमी पाच-सहा गावांत पसरली होती. सांधे धरलेल्या बायका सकाळी तांब्ये-कळशा घेऊन अक्काच्या विहिरीवर यायच्या. अक्का पायरीवर बसून कुणी आधी, कुणी नंतर ते ठरवायची. जिला आजवर नुसती पाय दुखणारी म्हातारी म्हणून बाजूला बसवत होते, तिला आता लोक विचारून पाणी घेत होते. इथं वाफेचा कारखाना होणार असंही कुणीतरी उठवलं होतं. साहेबांनी दोनदा सांगितलं की तसं काही नाही. लोक मान डोलवायचे आणि आपापसात कारखान्याची जागा ठरवायचे.

यंत्र जमिनीतून दगडाच्या गोल कांड्या काढून आणायचं. त्या लाकडी पेट्यांत ओळीनं मांडून त्यांवर खोली लिहायचं काम माझं होतं. आधी कित्येक दिवस काळ्या कांड्या आल्या. मग भाजल्या विटेसारखा लाल मातीचा एक पातळ थर, आणि एका दुपारी गुलाबी-पांढरी कांडी बाहेर आली. हाच तो जुना वाळूचा दगड, झाकणाखालच्या समुद्राचा तळ. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. मी दुसरीकडं बघितलं.

मग त्यांनी बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब तिच्या तुटलेल्या तोंडावर सोडला. वाळूचा दगड असेल तर थेंब आत झिरपायला हवा. थेंब तसाच उभा राहिला, काचेवर राहावा तसा. साहेब बघत राहिले, मी बघत राहिले. शेवटी उन्हानं तो वाळून गेला.

"नुसता वरचा थर असेल," ते म्हणाले.

तसं नव्हतं. पुढची प्रत्येक कांडी तशीच आली. दगड इतका कडक की यंत्राचा मिस्त्री वैतागला. एकामागून एक दात तुटत होते, दिवसाला हातभर काम व्हायचं नाही. पाणी लागलं नाही. भोकात थर्मामीटर सोडला तर ऊब वाढत होती ती कुठल्याही जमिनीत वाढावी तेवढीच. आमच्या पुस्तकात वाळूच्या दगडापुढं 'सच्छिद्र' असा शब्द छापलेला होता आणि मी तो परीक्षेत लिहून पास झाले होते. समोरच्या दगडाला छिद्र नव्हतं.

मे महिन्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. मी कुणाला न सांगता खाली उतरले, झऱ्याच्या तोंडाशी थर्मामीटर धरला. अठ्ठावीस. झटकून परत धरला. अठ्ठावीस. चौथ्यांदा मोजून वर आले आणि बांधावर बसले. आणि तेव्हा गेलं सव्वा वर्ष टोचणारी गोष्ट एकदम समोर आली. त्या फेब्रुवारीच्या दुपारी थर्मामीटरची पेटी जीपच्या तापलेल्या पत्र्यावर होती. पारा तिथंच चढला असणार, आणि अक्का आल्यावर मी तिथूनच तो उचलला. झटकला होता का? मी डोळे मिटून तो क्षण आठवायचा प्रयत्न केला. एकदा मनगट भरून आल्याचं आठवलं. मग वाटलं, ते त्या आधीच्या विहिरीचं असेल. नंतर वाटलं, झटकला नाही असंच आठवतंय. आठवावं तितकं ते बदलत गेलं. आजही मला खात्रीनं सांगता येत नाही.

साहेब बाभळीखाली पेट्यांजवळ बसले होते. मी त्यांना सांगितलं. नोकरी जाईल, आणि जायलाच हवी, असं मनाशी ठरवून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते हातातल्या कांडीवरून अंगठा फिरवत होते.

"बाई, तुमच्या पाच विहिरींचे आकडे मी त्या दिवशी दोनदा तपासले," ते म्हणाले. "सहावा मात्र नवा थर्मामीटर आल्यावरही पुन्हा तपासला नाही. कारण तो मला पाहिजे होता."

त्यांनी तो दोष माझ्याकडून काढून घेतला की माझ्याबरोबर वाटून घेतला, ते मला कळलं नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, त्याऐवजी जास्तच अडकल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी साहेबांनी वर पत्र लिहून ती नोंद रद्द करायला कळवलं आणि खाली स्वतःची सही केली. माझा त्यात उल्लेख नव्हता.

अक्काला सांगायचं काम मात्र मी मागून घेतलं. सकाळी ती पायरीवर बसली होती, तीन-चार बायका पाणी घेत होत्या. त्या जाईपर्यंत मी थांबले. मग सांगितलं, की माझी चूक झाली असावी, पाणी इतर विहिरींसारखंच आहे. हिवाळ्यात पहाटे हवा गार असते म्हणून विहिरीचं पाणी ऊन लागतं.

"तुजी काच सांगती व्हय?"

"हो."

"आन माजं गुडघं कुणी वाकीवलं? काचंनं?"

पाय शेकल्यानं आराम पडतो, चालल्यानं पडतो, मनानं पडतो, असं काहीबाही बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि मग हळू आवाजात विचारलं, की आता या बायकांना काय सांगायचं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. काठी घेऊन घराकडं गेली. पुढच्या आठवड्यात यंत्र तिथून हललं. बातमी आपोआप पसरली आणि विहिरीवर येणाऱ्या बायका थांबल्या. अक्काही पायरीवर दिसेना. तिच्या सुनेनं सांगितलं, की पाय पुन्हा धरलेत, दिवसभर भिंतीला टेकून बसतात.

आम्हाला पुढं कोकणातल्या गरम झऱ्यांच्या नोंदी घ्यायच्या होत्या. मी साहेबांना विचारलं, अक्काला नेऊया का? सरकारी जीपमध्ये असं कुणाला नेता येत नाही, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिला आणि तिच्या सुनेला एसटीनं गगनबावड्यापर्यंत यायला सांगा, पुढं उतारावर जीपमध्ये कोण चढलं ते मी बघितलं नाही. अक्का आधी नको म्हणाली. मग लुगडं बदलून, भाकऱ्या बांधून घेऊन आली. तिनं कधी घाट बघितला नव्हता. वळणावळणानं खाली जाताना तिनं माझा दंड इतका आवळून धरला होता की दोन दिवस त्याचा वळ राहिला.

ते झऱ्याचं ठिकाण राजापूरच्या बाजूला होतं. देवळाजवळ दगडी कुंड, बायकांसाठी आडोसा, आणि कुंडातून खरोखर वाफ निघत होती. थर्मामीटर झटकून मी साहेबांच्या हातात दिला. त्यांनीच सोडला. आकडा चाळिशीच्या पुढं होता. अक्का आणि तिची सून आडोशाला अंघोळीला गेल्या. साहेब ओढ्याच्या काठानं थोडं वर चालत गेले आणि तिथून त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या पायाशी एक गुलाबी-पांढरा दगड उघडा पडला होता. त्यांनी हातोडीनं टवका काढला आणि बाटलीतला थेंब सोडला. थेंब उभा राहिला.

"हा तोच आहे," मी म्हणाले.

"तोच. त्याच द्रोणीचा, त्याच समुद्राचा."

मला काहीच समजेना. दगड तोच, पाणी पावसाचंच, तरी इथं वाफाळणारं आणि तिथं साधं. साहेब खाली बसले. त्यांनाही हे नीट लागलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते बोलले ते मला सांगण्यासाठी जितकं, तितकंच स्वतःला ऐकवण्यासाठी.

ते म्हणाले, मी द्रोणीचा आकार बघितला, तिचं वय बघितलं नाही. ती खचत होती, ताणली जात होती, तेव्हा तिच्या खालची ऊब वर आली असेल. पण ते फार जुनं झालं. तेव्हापासून तिकडची भूमी निवांत आहे, ऊब कधीच निघून गेली. वाळूवर इतका काळ दाब पडला, फटींत इतकं काही जमून घट्ट झालं, की वाळूचा दगड राहिलाच नाही, गारगोटी झाली. परदेशातली ती द्रोणी हिच्यापुढं कालचं पोर आहे, तिच्या दगडात अजून फटी आहेत. इकडं कोकणात दगड तोच, पण त्याच्या नशिबात पुढं आणखी एक गोष्ट आली. किनारा तुटला. खंडं एकमेकांपासून सरकली असं आता म्हणतात, आम्ही शिकलो तेव्हा ती जागची हलत नव्हती. काहीही असो, तुटताना जमिनीला उत्तर-दक्षिण भेगा पडल्या. म्हणून हे गरम झरे घाटाच्या पायथ्याला रांगेत आहेत. पाऊस एका भेगेतून खोल जातो, तिथं तापतो आणि दुसऱ्या भेगेतून वर येतो.

"ऊब सगळ्यांच्याच खाली आहे, बाई," ते म्हणाले. "पाण्याला जायला आणि यायला वाट पाहिजे. ती वाट दगड देत नाही. त्याच्यावर काय काय ओढवलं, ते देतं."

मग ते थांबले आणि म्हणाले, की हेही अर्धंच बरोबर असेल.

अक्का न्हाऊन आली. तोंड लाल झालं होतं. मी विचारलं, कसं वाटलं. तिनं पदरानं मान पुसली आणि नाक मुरडलं. पाणी वास मारतंय म्हणाली. गंधकाचा किंचित वास होताच. ऊन मात्र खरंच हाय, तिनं कबूल केलं. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाली, घाट उतरून आली म्हणून दुखतायत की पाण्यानं दुखतायत कसं कळणार. भाकरी खाताना ती एकदम म्हणाली, "माज्या हिरीचं पाणी गोड हाय. ह्यो देव ऊन पाणी देतोय, पर प्याला न्हाय देत." साहेब हसले. त्या सबंध हंगामात मी त्यांना तेवढंच हसताना बघितलं.

परतताना गगनबावड्याला दाट धुकं होतं. ड्रायव्हर दिवे लावून पावलापावलानं गाडी चढवत होता आणि अक्का माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. तिला तिथवर नेऊन मी तिचं भलं केलं, की तिच्या विहिरीचा उरलासुरला मानही काढून घेतला, याचा विचार करत मी जागी बसले होते.

पावसाळ्याआधी तुकडी उठली. अहवालाची स्वच्छ प्रत मी काढली. गडहिंग्लज भागातल्या गाळाच्या खडकांत उष्णतेचा उपयोगी साठा असण्याची शक्यता कमी, असं त्यात साहेबांनी लिहिलं होतं. 'नाही' लिहा, असं मी म्हणाले. एका भोकावरून 'नाही' लिहिता येत नाही, ते म्हणाले. एका आकड्यावरून 'आहे' लिहून बघितलं ना आपण, असंही म्हणाले. त्यांची बदली विदर्भात झाली. दोन पत्रं आली, मग पत्ता बदलला असावा.

मला पुढं एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. ऐंशीच्या दशकात द्रोणी आणि भूमीच्या हालचालींवर नवी पुस्तकं आली. साहेब ओढ्याकाठी बोलले होते त्यातलं बरंचसं त्यांत होतं, काही उलटंही होतं. आमच्या त्या गुलाबी दगडाच्या आणि कोकणातल्या गरम पाण्याच्या नात्याबद्दल दोन माणसं दोन गोष्टी लिहीत होती. मुलांनी विचारलं की मी दोन्ही सांगायची, आणि मग वर्गाचा चेहरा जसा व्हायचा तसाच माझाही होत असणार.

अक्काची सून एकदा कोल्हापूरला भावाकडं आली होती तेव्हा घरी येऊन गेली. तिच्याकडून कळलं, की त्या सहलीनंतरच्या हिवाळ्यात अक्का पुन्हा पहाटे विहिरीवर जाऊ लागली होती. आधी एकटीच, मग शेजारच्या दोघी तिच्यासोबत. पाणी साधं आहे हे तिघींनाही ठाऊक होतं. शेवटपर्यंत ती पायऱ्या स्वतः उतरायची. सुनेनं हे सांगितलं आणि चहाचा कप खाली ठेवत मला विचारलं, की ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा, त्या पाण्यात काय होतं का? मी तिला खरं सांगायचा प्रयत्न केला. आईनं आतून पोह्यांच्या बश्या आणल्या, आणि मी सांगत होते ते मध्येच राहिलं.